आधी बोट टोचा, मग बोट फिरवा

“बॉर्डरलाइन आहे, घाबरायचं कारण नाही. गोड जरा कमी करा.” उल्हासनगरच्या कॅम्प तीनपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंत कुठल्याही लॅबच्या दारात थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. सांगणारा चांगल्या मनाने सांगतो. ऐकणारा हुश्श करतो. घडी घातलेला रिपोर्ट कपाटात जातो आणि पुन्हा बाहेर येतो तो चार-पाच वर्षांनी, गोळ्या सुरू झाल्यावर. या एका वाक्याने आपल्या भागात जेवढी माणसं मधुमेहाच्या तोंडी दिली असतील, तेवढी पेढ्या-बर्फीने दिली नसतील.

बॉर्डर म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी 5.7 ते 6.4 टक्के, किंवा उपाशीपोटीची साखर 100 ते 125, किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर 140 ते 199. यातलं एक जरी जुळलं तरी तो पूर्वमधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक पूर्वमधुमेहात आहेत. म्हणजे आजारी माणसांपेक्षा आजाराच्या रांगेत उभी असलेली माणसं साडेतीन कोटींनी जास्त.

ही रांग पुढे किती वेगाने सरकते, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मोजून ठेवलं आहे. त्यांच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष 2006 साली आले. पूर्वमधुमेहाच्या 531 लोकांपैकी ज्यांना काही खास मदत दिली नव्हती, त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. अमेरिकेतल्या तशाच प्रसिद्ध अभ्यासात हे प्रमाण तीन वर्षांत साधारण 29 टक्के होतं. आपली गाडी जवळपास दुप्पट वेगाने धावते. “घाबरू नका” म्हणणं ठीक आहे. “काही नाही” म्हणणं ठीक नाही.

चेन्नईच्याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र उभारी देणारी आहे. ज्यांना खाणं-चालणं बदलायला नेटाने मदत केली, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं, आणि तेही वजन फारसं न उतरता. काटा हलला नाही, पण रक्त सुधारलं. ही गोष्ट मोबाइलवरच्या आरोग्य ॲपांच्या जमान्यात दहादा सांगायला हवी, कारण बहुतेक ॲपं उघडल्या उघडल्या वजन विचारतात आणि वजनावरच शाबासकी देतात किंवा कान उपटतात. महिनाभर भात निम्मा करून, रोज चालून एखाद्याचं वजन तेवढंच राहतं. ॲपवरची रेघ सपाट दिसते. माणूस हिरमुसतो, ॲप काढून टाकतो आणि भाताचं पातेलं पुन्हा जवळ ओढतो. त्याच्या रक्तात काय चाललं होतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

वजनाचा काटा आपल्याला आणखी एका तऱ्हेने फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये एका फोटोतून हे जगाला दाखवलं. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी आहेत, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, हा आपल्याकडचा खास नमुना. उंची आणि वजन एवढंच विचारून हिरवी खूण देणारं ॲप अशा बारीक माणसाला “तू एकदम फिट” सांगून मोकळं होतं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळ्या करणारे, गाल बसलेले आणि पोट तेवढं पुढे आलेले कामगार या हिरव्या खुणेचे सगळ्यात मोठे बळी आहेत. त्यांना कुणी जाडे म्हणत नाही, म्हणून कुणी तपासायलाही सांगत नाही.

यावरचा उपाय शिंप्याच्या टेपइतका स्वस्त आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने 2005 साली भारतीयांसाठी धोक्याची एक गुणपत्रिका तयार केली. तिच्यात चारच प्रश्न आहेत: वय, कमरेचा घेर, अंगमेहनत, आई-वडिलांना मधुमेह आहे का. बदलापूरहून फोर्टला जाणारा, दिवसभर खुर्चीत बसणारा चाळिशीचा गृहस्थ घ्या. वयाचे 20. कंबर 94 सेंटिमीटर, त्याचे 10. व्यायाम नाही आणि काम बैठं, त्याचे 30. आईला शुगर, त्याचे 10. झाले 70. शंभरपैकी 60 किंवा त्याहून जास्त झाले की धोका मोठा. रक्ताचा थेंब सांडला नाही, फोन उघडला नाही, एक पैसा लागला नाही, आणि या माणसाने उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये जायला हवं हे ठरलंसुद्धा. बायकांसाठी कमरेचा धोका 80 सेंटिमीटरपासूनच सुरू होतो, पुरुषांसाठी 90 पासून. टेप बेंबीजवळून घ्यायची आहे, पँटच्या पट्ट्यावरून नाही. पँट खाली सरकलेली असते आणि कंबर तिथे नेहमीच कमी भरते.

तपासणी आधी, ॲप नंतर. हा क्रम उलटा झाला की सगळंच बिघडतं. आज आपल्या भागात शेकडो लोकांच्या फोनात पावलं मोजली जातात आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आपली साखर एकदाही मोजलेली नाही. बोट टोचून घ्यायला भीती वाटते, काचेवर बोट फिरवायला वाटत नाही. बोट टोचून आलेल्या आकड्यावरून काही शंका आली तर पुढे शिरेतून रक्त देऊन पक्की चाचणी करावी लागते, एवढंही बहुतेकांना ठाऊक नसतं. आणि अंगात रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर बघावी लागते. हे सांगायला डॉक्टर लागतो. ॲपला ते आपणहून कळत नाही.

आता ॲप आपल्या माणसाच्या दिवसात कसं बसतं ते पाहा. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. संध्याकाळी सातला ॲप टिंग करून सांगतं, “जेवणाची वेळ झाली, हलकं जेवा आणि वीस मिनिटं फिरून या.” त्या वेळी ज्याला हे सांगितलं जातंय तो ठाणे आणि डोंबिवलीच्या मध्ये कुठेतरी आहे. एक हात वरच्या कडीला, दुसरा छातीवर घेतलेल्या बॅगेवर, आणि फोन असलेल्या खिशापर्यंत हात पोचायला कल्याण यावं लागतं. घरी पोचायला साडेआठ-नऊ, जेवायला साडेनऊ-दहा, आणि सकाळच्या गाडीसाठी पहाटे उठायचं म्हणून लगेच आडवा. दुपारच्या डब्यापासून रात्रीच्या ताटापर्यंत आठ-नऊ तासांत पोटात गेलेलं असतं ते स्टेशनबाहेरचा वडापाव आणि दोन गोड चहा. घरी पोचल्यावर भुकेचा डोंब उसळतो आणि भाताचा डोंगर संपतो. त्यावर तो झोपतो. ही साखर वाढवायची आखीव व्यवस्था आहे, आणि ती त्या माणसाने मांडलेली नाही. ती नोकरी मुंबईत आणि परवडणारं घर बदलापुरात असण्याने मांडली आहे. बेंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात बसून सातची टिंग ठरवणाऱ्याला हे वेळापत्रक माहीत नाही, आणि विचारायचं त्याच्या मनातही येत नाही.

तेच दहा हजार पावलांचं. हा आकडा काही वैद्यकशास्त्राच्या पोटातून आलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या खपासाठी निवडलेला तो गोल आकडा. दिवसभर उभ्याने प्रवास करून, पूल चढून-उतरून, सहा-सात हजार पावलं झालेल्या माणसाला रात्री लाल अक्षरात “आजचं ध्येय अपुरं” वाचायला लावणं हा निव्वळ अन्याय आहे. त्या माणसाला हे सांगायला हवं की भल्या माणसा, बदलापूर स्टेशन ते कात्रप शेअर रिक्षा सोडून चालत गेलास आणि जेवून दहा मिनिटं सोसायटीच्या आवारात फिरलास, तर आजच्यापुरतं पुष्कळ झालं. जेवणानंतरची ती दहा मिनिटं साखरेच्या दृष्टीने फार मोलाची. अर्थात चालायला पदपथ हवा, त्यावर दिवा हवा आणि कुत्र्यांची टोळी नको. उल्हासनगरच्या बाजारातले पदपथ दुकानांच्या मालाखाली गेले आहेत. तिथे चालायचं कुठून, हे कुठलंच ॲप सांगू शकत नाही. ते महापालिकेलाच सांगावं लागेल.

म्हणजे फोन निरुपयोगी का? मुळीच नाही. फोनने मधुमेह टळतो याचा भारतातला सगळ्यात भक्कम पुरावा पुन्हा डॉ. रामचंद्रन यांच्याच हातचा आहे, आणि त्यात ॲप नव्हतं. साधे एसएमएस होते. दक्षिण भारतातल्या, पूर्वमधुमेह असलेल्या 537 नोकरदार पुरुषांवर दोन वर्षं हा प्रयोग चालला आणि 2013 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसता सुरुवातीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला. सल्ल्याबरोबर आठवड्याला दोन ते चार एसएमएस मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना. साधारण अकरा जणांना दोन वर्षं मेसेज पाठवले की एकाचा मधुमेह टळतो, असा त्याचा हिशेब निघतो. एसएमएसचा खर्च आणि आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा.

पण हे मेसेज का चालले, ते नीट पाहायला हवं. एक तर, प्रत्येकाचं रक्त आधी तपासलेलं होतं. आपण कुठे उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं. दुसरं, सुरुवातीला माणसाने माणसाशी समोरासमोर बोलून आहार-व्यायाम समजावला होता. फोनने फक्त त्याची आठवण दिली. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मेसेज कधी यावा आणि किती वेळा यावा हे ज्याला तो जाणार त्याला विचारून ठरवलं होतं. शिवाय बदलायची तयारी झालेल्या माणसाला एक मजकूर आणि अजून मनाशीच घोळ घालणाऱ्याला वेगळा. बस, एवढंच. चमचमती रंगीत वर्तुळं नाहीत, पदकं नाहीत, सोसायटीतल्या लोकांशी पावलांची शर्यत नाही.

अलीकडची यंत्रं याहून पुष्कळ हुशार आहेत, हेही मान्य करायला हवं. 2025 साली अमेरिकेत पूर्वमधुमेहाच्या 368 लोकांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना माणसांनी चालवलेल्या प्रतिबंध वर्गात पाठवलं, अर्ध्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं ॲप दिलं. वर्षभराने दोन्हीकडे ठरवलेलं उद्दिष्ट गाठणारे जवळपास सारखेच निघाले, 32 टक्क्यांच्या आसपास. ॲप माणसाच्या तोडीस तोड उतरलं, ही मोठी बातमी. दोन्हीकडचे दोन तृतीयांश लोक मात्र मागेच राहिले. आपल्याकडे हेल्दीफायमीसारखी ॲपं आहेत, इथे जवळ नवी मुंबईतच फिटरफ्लायसारखी कंपनी आहे, आणि अशा कंपन्यांमध्ये आहारतज्ज्ञही काम करतात. ज्याला परवडतं आणि ज्याच्या दिवसात ते बसतं, त्याने जरूर वापरावं. माझं भांडण ॲपशी नाही. ॲप उतरवलं म्हणजे तब्येतीचं काम केलं, या समजुतीशी आहे.

खाण्याची नोंद हा या सगळ्यातला सगळ्यात किचकट भाग. उल्हासनगरात रविवारची सकाळ दाल पकवानाची. सिंधी घरांत, नाक्यावरच्या टपऱ्यांवर आणि आता मराठी घरांतही. ॲपमध्ये ‘एक प्लेट’ एवढाच पर्याय. त्या प्लेटमध्ये दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत. चण्याची डाळ रक्तात साखर हळूहळू सोडते. मैद्याचं तळलेलं पकवान भराभर सोडतं आणि वर तेलही देतं. तेव्हा त्या ताटावर काट मारायचं काही कारण नाही. डाळ वाटीभर जास्त घ्या, वर कांदा पेरा, पकवान एकावर थांबवा. हे सांगणारा कॅम्प चारमधला कुणी असेल तर ऐकलं जाईल. “दाल पकवान टाळा” असं सांगणाऱ्या ॲपचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

तीच कथा आपल्या उपासाची. ॲपांमध्ये सध्या ‘फास्टिंग’चं घड्याळ असतं, सोळा तास उपाशी राहा म्हणणारं. आमच्याकडची संकष्टी किंवा एकादशी त्या घड्याळात “उपास” म्हणून नोंदवली जाते आणि ताटात असते साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि केळं. म्हणजे पिठूळ अन्नाचा कळस. साखरेच्या दृष्टीने त्या दिवसाइतका वाईट दिवस आठवड्यात दुसरा नसतो, आणि नेमकी त्याच दिवशी फोनवर हिरवी खूण. भगर-दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर हा उपास आपल्याच आजीच्या घरचा आहे. तिथेही भगर बेताची आणि आमटी भरपूर. भारतीयांच्या रोजच्या आहारात सरासरी 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असं वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतून दिसलं आहे. गोड बंद करून हा प्रश्न सुटत नाही. चहातली साखर सोडून चार पोळ्या आणि भाताचे दोन वाढे तसेच ठेवणारा माणूस प्रामाणिकपणे कष्ट घेतो आणि तरी हरतो. त्याला हरवणारा सल्ला आपला आहे, “गोड जरा कमी करा.”

आता बायकांचं. चेन्नईच्या त्या एसएमएस प्रयोगात फक्त पुरुष होते. बायकांच्या बाबतीत काय होतं, याचं एक उत्तर 2022 साली आलं आणि ते झोंबणारं आहे. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका इथल्या, गरोदरपणात शुगर वाढलेल्या 1601 बायकांवर तो अभ्यास झाला. बाळंतपणानंतर त्यांतल्या अर्ध्यांना गटात चार वर्ग आणि वर्षभर 84 मेसेज मिळाले. वर्षाअखेर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. करोनाने मध्येच खोडा घातला हे खरं, पण मला त्याचं उत्तर घराघरात दिसतं. तान्हं मूल मांडीवर, रात्रीची झोप नाही, ताटात डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाचा शिरा वाढायला सासू उभी, आणि अशा बाईच्या फोनवर मेसेज: “रोज तीस मिनिटं चाला.” तिने तो वाचायचा कधी? फोन असतो तरी तिच्या हातात कधी?

गरोदरपणात शुगर निघालेली बाई ही पुढच्या मधुमेहाची सगळ्यात ठळक आगाऊ सूचना असते. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बाईला ग्लुकोज पाजून तिची साखर बघायची, असा नियम आहे. म्हणजे उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात अशा बायका कोण हे कळायची सोय आहे. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तिची साखर पुन्हा बघायची असते. बाळाच्या लसीची तारीख पाठ असते, आईच्या रक्ताची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. लसीच्या दिवशीच आईचंही रक्त घ्या. आणि मेसेज तिच्या एकटीच्या फोनवर पाठवू नका. नवऱ्याच्या फोनवर पाठवा, सासूला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा. घरात तेल-साखर-तांदूळ किती यायचं आणि संध्याकाळी अर्धा तास बाळ कुणी धरायचं हे जे ठरवतात, त्यांना सांगा.

पैशाचा आणि माहितीचा विषय एका परिच्छेदात संपवतो. बरीच ॲपं आठवडाभर फुकट असतात आणि मग सहा महिन्यांचे पैसे एकदम मागतात. दंडाला चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सर काही हजारांना पडतो. जीन्सच्या कारखान्यात नगावर पैसे मिळवणाऱ्या कारागिराने तो लावावा असं सांगणं चूक आहे, आणि पूर्वमधुमेहात सरसकट त्याची गरजही नाही. दुसरं म्हणजे साखर, वजन, पाळी, झोप ही सगळी माहिती तुम्ही कुणाच्या तरी हाती देत असता. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला. संमती मागणारा मजकूर मराठीत मागायचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला आहे. न वाचता ‘मान्य’ दाबू नका.

खरी जबाबदारी तीन दारांशी आहे: उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासायचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात त्यात कमरेचा घेरही असतो. मधुमेह निघाला की पुढची वाट ठरलेली आहे, गोळ्या मिळतात. जो काठावर निघतो त्याच्या हाती काय पडतं? तेच वाक्य, गोड जरा कमी करा. मालमत्ता कराची आठवण नागरिकांच्या फोनवर पाठवता येत असेल तर साखरेचीही पाठवता येते. त्यासाठी नवं ॲप काढू नका. नवं ॲप म्हटलं की निविदा निघेल, उद्घाटन होईल आणि वर्षभरात ते बंद पडेल. साधे मेसेज पाठवा, किंवा ज्यांना वाचायला कठीण जातं त्यांच्यासाठी आवाजी निरोप. 2010 नंतरच्या दशकात आरोग्य वर्ल्ड या संस्थेने नोकियाच्या फोनवरून बारा भाषांमध्ये असे मेसेज दहा लाख लोकांपर्यंत पोचवले होते. आपल्याला तीन भाषा पुरे: मराठी, सिंधी आणि हिंदी.

मजकूर मी देतो, फुकट. बदलापूर, अंबरनाथहून मुंबईला जाणाऱ्यांना संध्याकाळी साडेपाचला, ऑफिसातून निघण्याआधी: “गाडी पकडण्याआधी मूठभर फुटाणे खाऊन घ्या. चहा बिनसाखरेचा.” रात्री नऊला: “ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी, मग आमटी आणि पोळी. भात शेवटी आणि एकदाच. जेवून लगेच आडवे होऊ नका.” रात्रपाळीच्या कामगारांना रात्री अकराला: “मधल्या सुट्टीत पाव आणि गोड चहाऐवजी डब्यातली उसळ.” उल्हासनगरला रविवारी सकाळी आठला: “डाळ हवी तेवढी, पकवान एकच.” संकष्टीला: “खिचडीऐवजी भगर, तीही बेताची. आमटी जास्त.” आणि काठावर निघालेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, त्याच्या नावाने, त्याच्या जवळच्या दवाखान्याचा पत्ता घालून: “तुमच्या मागच्या तपासणीला वर्ष झालं. शनिवारी सकाळी साडेसात ते नऊ रक्त घेतलं जाईल. रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका, पाणी चालेल. घरातल्या आणखी एकाला बरोबर आणा.”